कोल्ड रूमची खबरबात

दादर, १४ नोव्हेंबर २०२४

पुष्कर,

आशीर्वाद आहेतच, ते काय दर पत्रात नव्याने द्यायचे? वहिनीचं पत्र, तेही पोस्टाने आलेलं बघून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही. आम्ही दोघं आहोत तसेच आहोत.

फोन का केला नाही म्हणशील. अरे, दोन खोल्यांच्या घरात मी फोनवर जरा हळू बोलले की तुझे दादा लगेच टीव्हीचा आवाज कमी करतात. व्हॉट्सॲप म्हणशील तर माझा फोन हे उघडतात आणि ह्यांचा मी. म्हणून कागद. उत्तर मात्र घरी पाठवू नकोस. माटुंग्याला ऋताच्या पत्त्यावर पाठव. माझी भाची तोंड बंद ठेवते, तिच्या आईसारखी नाही.

तर मुद्दा. सप्टेंबरात ह्यांना मोठा ताप येऊन गेला. तुला कळवू दिलं नाही मला. ताप उतरला, पण ह्यांचं नाक घेऊन गेला. वास येत नाही. अजिबात म्हणजे अजिबात नाही. मला कसं कळलं सांगू? मी न्हाणीत होते, दूध करपल्याचा वास तिथपर्यंत आला, मी आतून ओरडतेय, आणि हे ओट्याशेजारी खुर्ची टाकून शांतपणे पेपर वाचतायत! ज्या माणसाला रानडे रोडवरून चालताना कुणाच्या घरचं दूध लागलं ते कळायचं, तो. डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, येईल तर येईल, नाहीतर नाही.

आता खांबेटे दूधमंदिर कशावर चालतं हे तुला मी काय सांगायचं? पहाटे टांगलेलं फडकं सोडायचं, हाताच्या मागच्या बाजूला बोटभर चक्का लावायचा, वास घ्यायचा, मग जीभ लावायची, आणि मग ‘विका’ नाहीतर ‘टाका’. तुमच्या वडिलांनी तेच केलं, ह्यांनीही आयुष्यभर तेच केलं. अजूनही करतात. सगळ्यांसमोर हात नाकाशी नेतात, डोळे मिटतात, आणि डोळे उघडले की माझ्याकडे बघतात. मी आधीच खाली जाऊन चाखून आलेली असते. मी चष्मा पुसला तर टाका. नाही पुसला तर विका. रोज सकाळी आमचा हा खेळ चालतो, आणि चौदा वर्षं दुकानात असलेल्या धोंडूलासुद्धा पत्ता नाही.

पण सकाळचं झालं रे. दिवसभराचं काय? कॉम्प्रेसर म्हातारा झालाय. गल्लीत टॉवरचं काम चाललंय, लाइट मनात येईल तेव्हा जाते. कोल्ड रूममध्ये चक्का, लोणी, सगळं भरलेलं. मी दर तासाला आत जाऊन डबे हुंगत बसले तर लोक मला वेड्यात काढतील.

तर तुझं ते थंडी मोजणारं यंत्र पाठव.

हो, तेच. तू दोन वर्षांपूर्वी हौसेने घेऊन आला होतास तेच. मला माहीत आहे हे वाचून तुझं डोकं फिरलं असेल. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर हे तुला म्हणाले, “ज्याला स्वतःचं नाक नाही त्याने यंत्र लावावं.” तुझा चेहरा मला अजून दिसतो. ह्यांचं चुकलं, शंभर टक्के चुकलं. मी तेव्हाही म्हटलं, त्या दिवशी ह्यांना जेवायलासुद्धा वाढलं नाही. पण तूही मुलखाचा हट्टी. बंगळुरात नोकरी घेतलीस आणि गेलास तो गेलासच.

आता तूच सांग, ज्या तोंडाने ते बोलले त्याच तोंडाने तुला कसं सांगतील की नाक आता मलाच नाही? मरतील पण सांगणार नाहीत. म्हणून तुला माहीत आहे हे त्यांना कळता कामा नये. माझी शपथ आहे तुला. यंत्र माझ्या हट्टापायी आलं असं मी सांगेन. माझे हट्ट ह्यांना सवयीचे आहेत.

मला दोन भित्या आहेत. उतरलेला चक्का एक दिवस कुणाच्या तरी पोराच्या पानात जाईल, ही एक. आणि तुम्ही दोघं भाऊ असेच न बोलता म्हातारे व्हाल, ही दुसरी. दुसरीपायीच माझी झोप जास्त उडते.

तुझी,
वहिनी


दादर, १९ जानेवारी २०२५

पुष्कर,

तू पाठवलेला प्रितम येऊन सगळं बसवून गेला. गुणी आहे, चहा तीनदा प्यायला. कोल्ड रूमच्या भिंतीवर साबणाच्या वडीएवढं पांढरं यंत्र लावलं, एक दाराला, एक कॉम्प्रेसरच्या वायरीला. मग ह्यांच्या फोनमध्ये ती बोलणारी बाई घातली. मला नीट समजावून सांगितलं: तिन्ही यंत्रं लाइट गेली तरी बॅटरीवर चालतात, इंटरनेटवरून आकडे पाठवत राहतात, बाई ते वाचते, विचारलं तर मराठीत सांगते, आणि काही बिनसलं तर इथे ह्यांना आणि तिकडे तुला, दोघांनाही एकदमच कळवते.

ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे चहाडखोर.”

पहिल्याच दिवशी धोंडू पाटी घेऊन कोल्ड रूममध्ये शिरला आणि फोनमधून आवाज, “शीतकक्षाचे दार चार मिनिटांपासून उघडे आहे.” धोंडूच्या हातून पाटी पडता पडता वाचली. तेव्हापासून तो दार लावताना “लावलं हो बाई” असं मोठ्याने सांगतो. तिला ऐकू जात नाही म्हटलं तरी पटत नाही.

गिऱ्हाइकांसमोर हे यंत्राला नावं ठेवतात. “बायकोची हौस, दुसरं काय!” आणि दुपारी दुकानात कोणी नसलं की मागे जातात, फोन तोंडाशी धरतात आणि मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, म्हणतात, “अहो बाई, खोली किती?” अहो! अडतीस वर्षांत मला एकदा अहो म्हटलेलं नाही.

आता खरं सांगायचं ते. परवा असंच विचारलं तर बाई म्हणाली, “शीतकक्षाचे तापमान चार अंश आहे. पुष्कर यांनी आज सकाळी सहा वाजता हीच माहिती विचारली होती.”

ह्यांनी घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाले, “सहाला उठतो?”

बाई म्हणाली, ते मला सांगता येणार नाही, पण प्रश्न सहा वाजता आला होता. मग तिने विचारलं, “पुष्कर यांना काही निरोप द्यायचा आहे का?”

“निरोप कसला? मी खोलीचं विचारतोय,” असं म्हणून फोन खिशात टाकला. पण रात्री जेवताना आपणहून मला म्हणाले, “पूर्वी आठ वाजले तरी लोळत पडायचा.” कोण ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. ताटात आणखी भात वाढला.

तेव्हा तू उगाच सहा वाजता कोल्ड रूमची चौकशी करतोस ती करत राहा. सात वाजता कर, नऊला कर, मनात येईल तेव्हा कर. इथे सगळं पोचतं.

तुझी,
वहिनी


दादर, १२ मे २०२५

पुष्कर,

तुझं उत्तर ऋताने आणून दिलं. तीन पानं यंत्राबद्दल आणि दादाबद्दल एक ओळ. ‘दादाने स्वतः फोन करून सांगावं, मी त्याच दिवशी निघेन.’ वा! म्हणजे आता तू तिकडून मला धरणार आणि हे इकडून. लग्न होऊन आल्यापासून मी दहा वर्षांच्या पोराला वेणी घालायची तेवढी बाकी ठेवून वाढवलं, ते ह्यासाठी का? रागवायचं तर रागव, पण दादाला अट घालू नको रे. ज्याला स्वतःची लाज वाटते त्या माणसाला अट पाळता येत नाही.

गेल्या मंगळवारचं तुला माहीतच आहे, पण तुला आकडे दिसले, मला माणसं दिसली, म्हणून सांगते. ऐन दुपारी लाइट गेली. आमरसाचे दिवस, आम्रखंडासाठी चक्का काठोकाठ भरलेला. धोंडू म्हणाला बर्फ आणतो, दार उघडून लाद्या आत टाकू. तेवढ्यात बाई बोलली, “दार उघडू नका. आतील तापमान पाच अंश आहे. दार बंद राहिल्यास दोन तासांपर्यंत धोका नाही.” पूर्वी ह्यांनी तिला गप्प केलं असतं. ह्या वेळी काय केलं असेल? कोल्ड रूमच्या दाराला पाठ लावून दोन्ही हात पसरून उभे राहिले. कोणाला हात लावू देईनात. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. दीड तासाने लाइट आली तेव्हा बनियन घामाने पिळून काढायच्या लायकीचा झाला होता.

मग स्टुलावर बसले आणि बाईला विचारलं, “तिकडे कळलं होतं का?”

“होय. या काळात पुष्कर यांनी अकरा वेळा विचारणा केली.”

अकरा वेळा, हे त्यांनी स्वतःशी म्हटलं. फोन हातात तसाच. त्यांनी तुझं नाव काढलं पुष्कर, मी बघितलं, अंगठा नावावर होता. आणि मग काय, “धोंडू, ती चक्क्याची निवळी कोण टाकणार, तुझा मामा?” म्हणून ओरडले आणि उठले. एवढंसं राहिलं होतं.

बाकी तू बुकिंगवाल्यांना निरोप पाठवायचं काम बाईला दिलंस ते झकास आहे. ‘आपले आम्रखंड तयार आहे’ असा मेसेज गेला की लोक खूश. तू हो म्हटल्याशिवाय ती कोणाला काही पाठवत नाही हेही बरं केलंस.

तुझी,
वहिनी


दादर, २६ सप्टेंबर २०२५

पुष्कर,

घाईत आहे, चार ओळी. दसऱ्याचं बुकिंग तुफान आहे, श्रीखंडाचं पुरणयंत्र फिरवून धोंडूचा खांदा गेलाय. ह्यांच्या नाकाचं तसंच. आता नाटकही थकून करतात. काल मी चष्मा काढला, पुसायला नव्हे, खरंच डोळा चुरचुरत होता, तर बिचाऱ्यांना कळेना काय करावं ते. हात नाकाशी धरून उभेच.

दसऱ्याला ये. फोनची वाट बघू नकोस. सोनं द्यायला म्हणून ये, कोणी काही विचारणार नाही.

वहिनी


दादर, ४ ऑक्टोबर २०२५

पुष्कर,

तू पुढच्या शनिवारी पोचतोयस हे कळलं. तरी लिहितेय, आणि घरात, ह्यांच्यासमोर बसून लिहितेय. ‘कोणाला एवढं?’ असं विचारलं, तर म्हटलं तुमच्या भावाला. माझ्यापुढे आणखी कागद सरकवले. तू आलास की तुम्ही दोघं मान खाली घालून चहा प्याल, गाडीत गर्दी होती का विचारून घ्याल, आणि झालं. बुधवारी इथे काय झालं ते तुमच्यापैकी कोणी काढणार नाही. तुला फोनवर आवाज ऐकू आला, दिसलं काहीच नाही.

आधी रागावून घेते. अरे शहाण्या, सगळ्या बुकिंगवाल्यांना एका दमात मेसेज? ‘शीतगृहात बिघाड झाला असून श्रीखंड व चक्का खाऊ नये.’ दसऱ्याच्या आदल्या दिवशी! माझा जीव गेला होता.

झालं रागावून. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. पूर्वीचे रघुवीर खांबेटे असते तर तू म्हणाला असतास, दादा बघेल, दादाला कळतं. पण दादाला कळत नाही हे तुला माहीत होतं, आणि ते मीच सांगितलं होतं. तुझ्या डोळ्यांसमोर ते कुणाच्या तरी पोराचं पान आलं असणार.

आता इथलं. खंडेनवमी होती. आपल्याकडे त्या दिवशी सगळी हत्यारं पाटावर बसतात हे तू लहानपणापासून बघितलंयस. तराजू, वजनं, झारे, पुरणयंत्र, सगळं घासूनपुसून हळदीकुंकू. मी प्रभादेवीला ओटी भरायच्या रांगेत, फोन घरी ठेवून, कारण त्या गर्दीत फोन नेणं म्हणजे चोराला देणं. मागे काय झालं ते धोंडूने सांगितलं. सगळी मांडामांड झाल्यावर हे उठले, कोल्ड रूममध्ये गेले, आणि भिंतीवरची तुझी ती पांढरी वडी काढून आणली. ओल्या फडक्याने पुसली, पाटावर ठेवली, हळदीकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल.

धोंडू म्हणाला, “शेठ, हे कशाला?”

“काम करतं ना? मग,” एवढंच म्हणाले. मग खिशातला फोन काढला, आवाज बंद केला आणि तोही शेजारी ठेवला. “बाईंनाही बसू दे.”

जानेवारीपासून ज्याला चहाडखोर म्हटलं त्याची माझ्या नवऱ्याने पूजा केली रे. आणि त्याच मानापायी घोटाळा झाला! समईशेजारी बसलेलं यंत्र तेहतीस अंश सांगणार नाही तर काय चार? तिकडे तू घाबरलास. इकडे ह्यांचा फोन कुंकू लावून गप्प, माझा घरी कपाटात, आणि दुकानाची लँडलाइन तर ‘आता कोण वापरतं वहिनी’ म्हणून तूच बंद करायला लावलेली.

मी बसमधून उतरले तर दुकानासमोर ही गर्दी. प्रत्येकाच्या हातात फोन. कोणी आधीच नेलेले डबे परत घेऊन आलेले. सगळ्यांत पुढे इरावतीबाई. चौथीत गणितासाठी तुझ्या हातावर पट्टी मारणाऱ्या त्याच, आता ऐंशीच्या झाल्यात पण आवाज तोच. आणि काउंटरमागे हे, हातात कोणाचा तरी फोन, मेसेज पुन्हा पुन्हा वाचतायत. मला बघून म्हणाले, “मृणाल, असं कसं होईल?” अगदी बारीक आवाजात.

मी तडक आत गेले आणि पाट दिसला. पुष्कर, खरं सांगते, मला हसू फुटलं. ती कुंकवाने माखलेली वडी उचलून बाहेर आणली आणि सगळ्यांना दाखवली. “अहो, हे बघा! हे पूजेला बसलं होतं! ह्याला ऊब लागली, चक्क्याला नाही!” लोक खो खो हसले. मला वाटलं, सुटलो.

पण इरावतीबाई हसल्या नाहीत. “म्हणजे दुपारपासून आत किती होतं हे कोणालाच माहीत नाही, असंच ना?”

दुपारी गल्लीतली लाइट लुकलुकून गेली होती हे चार जणांनी पाहिलेलं. कोल्ड रूमवरचा जुना काटा कधीचा अडकलाय, यंत्र आल्यापासून बदलायचं कोणाच्या मनात आलं नाही. धोंडूने वडी परत भिंतीवर लावली. थोड्या वेळाने तिने पाच दाखवले. “हे आत्ताचं झालं,” इरावतीबाई म्हणाल्या.

तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, “अहो, यंत्राचं सोडा. शेठ, तुम्ही चाखा. तुम्ही बरं म्हणालात की आम्ही नेतो.” आणि सगळे, “हो, हो, शेठ चाखा ना.”

मी तोवर आत जाऊन चाखून आले होते. चक्का फर्स्टक्लास होता. मी ह्यांच्या समोर येऊन उभी राहिले, दोन्ही हात पदरात धरून, म्हणजे चुकूनसुद्धा चष्म्याकडे जाऊ नयेत. धोंडूने पाटी पुढे केली. ह्यांनी हाताच्या मागे चक्का लावला. नाकाशी नेला. डोळे मिटले. जीभ लावली. मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, आणि माझा चष्मा नाकावर, स्वच्छ. म्हणजे चांगला आहे हे त्यांना कळलं. नुसती मान हलवायची होती. सगळा प्रश्न मिटला असता, आणि खोटंही झालं नसतं, कारण चक्का खरोखरच चांगला होता.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग खांद्यावरच्या पंच्याने हात पुसला आणि गर्दीकडे वळून म्हणाले, “आंबट आहे, एवढं कळतं. चांगला आंबट की वाईट आंबट, ते मला कळत नाही. वर्ष झालं. मला वास येत नाही.”

धोंडू पाटी धरून तसाच उभा, त्याचे डोळे भरलेले. मला रडू आवरेना, मी ते आवरलंही नाही. तुला राग येईल, पण त्या क्षणी मला दुकान बुडालं असतं तरी चाललं असतं. वर्षभर माझा नवरा चोरासारखा वावरत होता आणि आत्ता सरळ उभा होता.

मग म्हणाले, “फोन आणा माझा.” धोंडूने पाटावरून आणला. ह्यांनी स्वतः तुझं नाव दाबलं. स्पीकरवर का टाकला माहीत आहे? गालाला कुंकू लागत होतं म्हणून. पुढचं तू ऐकलंसच.

“पुष्कर, दादा बोलतोय. माझं नाक गेलंय. तुझं यंत्र मी पूजेला काढलं होतं, चूक माझी. आता चक्क्याचं काय करू, सांग.”

तिकडे कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता, तेवढं इथे सगळ्यांना ऐकू आलं. आणि मग तू “दादा, थांब, बघतो” म्हणालास. तू ‘दादा’ म्हणालास तेव्हा ह्यांनी काउंटर पकडला, एवढं सांगून ठेवते.

कॉम्प्रेसर दिवसभर नीट चालला, दुपारी फक्त दहा-बारा मिनिटं थांबला, दारही फार उघडं राहिलं नाही, हे तू वाचून दाखवलंस तेव्हा इरावतीबाई बोटांवर काहीतरी हिशेब करत होत्या. आणि मग तू सगळ्यांदेखत कबूल केलंस की बाईने तुला दुपारीच लिहिलं होतं, ‘कॉम्प्रेसर सुरळीत आहे, सेन्सर जागेवर आहे का ते पाहून घ्यावे’, आणि तू घाबरून पुढचं वाचलंच नाहीस. बरं केलंस कबूल केलंस. ह्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा हसू आलं. आपला भाऊही चुकतो ह्याचं त्यांना फार बरं वाटलं.

“मग विकू?”

“वीक, दादा.”

“बरं. ठेव, गिऱ्हाईक आहे.” तीन वर्षांनी भावाशी बोलले आणि ठेव, गिऱ्हाईक आहे! मला वाटलं डोक्यात झारा घालावा. तूही लगेच ठेवलास. दोघं सारखेच.

फोन तू ठेवल्यावर जे झालं ते तुला माहीत नाही, आणि हे पत्र त्यासाठीच आहे.

ह्यांनी तराजू पाटावरून उचलून काउंटरवर आणला. इरावतीबाई पुढे आल्या. पिशवी पुढे केली नाही, हातातच धरून उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात विचारलं, “रघुवीर, मग वर्षभर आम्ही नेतोय तो चक्का चाखत कोण होतं?”

अडतीस वर्षांची बायको शेजारी उभी होती. रोज पहाटे उठून, थंडीत, सर्दीत, जिना उतरून जिने चाखलं ती. ह्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. वजन पारड्यात ठेवत म्हणाले, “माझा धाकटा भाऊ. बंगळुरात असतो.”

मला राग नाही आला रे. मग ह्यांनी पिशवीसाठी इरावतीबाईंकडे हात केला. त्यांनी पिशवी दिली आणि म्हणाल्या, “एक किलो दे.”

तुझी,
वहिनी